धक्क्यावर राहिलेली गोदावरी

बुक्का लागला का सगळ्यांना? मागं खांबाशी बसलेल्यांनाही? लागला? बरं. मग मंडळी, आता सरसावून बसा आणि ऐका.

पूर्वरंगात नामाचा महिमा सांगितला. तुम्ही माना डोलावल्यात. छान डोलावल्यात! आता उत्तररंगाला एक प्रश्न विचारतो. लगेच उत्तर देऊ नका. ज्याला देवाची हजार नावं तोंडपाठ आहेत — झोपेतून उठवलं तरी घडाघडा म्हणेल — त्याला आपल्याच घरातल्या माणसाचं एक नाव ठाऊक नसेल, तर त्याची ती हजार नावं देवापर्यंत पोचतात का हो?

अण्णा, तुम्ही फार जोरात मान हलवताय. सांगा बरं, वहिनींचं माहेरचं नाव काय? — हां! बघा, बघा मंडळी! बायकांच्या बाजूला वळून त्यांनाच विचारताय! हसू नका कुणी. बाकीच्यांना मी अजून विचारलेलं नाही!

तुम्हाला वाटलं असेल, बुवा आज ध्रुवाचं आख्यान लावतील, नाहीतर सुदाम्याचं. आज नाही. आज आख्यान माझं आहे. या त्र्यंबकबुवा टेंभेकराचं. चाळीस वर्षं दुसऱ्यांची पापं रंगवून रंगवून सांगितली, त्यावर शाली मिळवल्या. आज एक स्वतःचं सांगतो. पेटीवर सदूभाऊ आहेत, ते तेव्हा बरोबर होते. सदूभाऊ, मी कुठं स्वतःला सांभाळून घ्यायला लागलो, तर काळी पाच दाबून धरा!

तर ऐका. साल सत्त्याहत्तर. माझं लग्न झालं. आम्ही जतचे. पाऊस म्हणजे आमच्याकडं पाहुणा, आला तर आला! आणि मुलगी कुठली? विजयदुर्गची! दारात समुद्र. तिचे वडील बंदरावर तिकिटं द्यायचे. त्या काळात मुंबईहून किनाऱ्याकिनाऱ्यानं बोट यायची, तिची तिकिटं. ही पोर शाळा सुटली की वडिलांचा डबा घेऊन बंदरावर. बोट आली की पाहायची, गेली की पाहायची. रोज! आणि एकदाही आत पाऊल नाही. का? तर वडील म्हणायचे, "उगाच कशाला बसायचं? तुझ्या लग्नात तुला बोटीनं सासरी पाठवीन."

आणि लग्नात काय झालं? वऱ्हाड जतचं! आम्ही येताना एस. टी. करून आलो, जाताना त्याच एस. टी. नं नवरीला घेऊन गेलो. घाटात तिला तीनदा उलटी झाली. माझ्या मावशीनं लिंबू दिलं आणि म्हणाली, "समुद्राकाठची ना, डोंगर सोसत नाही." झालं! बोटीचा विषय तिथं संपला. पुढं त्या बोटीही बंद पडल्या.

घरी आलो. लक्ष्मीपूजन. ताटात तांदूळ पसरले, माझ्या हातात सोन्याची अंगठी दिली. माझे वडील — तेही कीर्तनकार — म्हणाले, "त्र्यंबकाच्या घरी गोदावरीच हवी! लिही." मी लिहिलं. गोदावरी. सगळ्यांनी वाहवा केली, पेढे वाटले. मंडळी, ते तांदूळ दुसऱ्या दिवशी खिरीत गेले. नाव मात्र राहिलं. तिला विचारलं का कुणी? छे हो! ताटातल्या तांदळाला कुणी विचारतं का, तुझ्यावर काय लिहू म्हणून?

झाली ती गोदावरी. सासूची गोदे, दिरांची वहिनी, गावाची गोदाकाकू. आणि माझी? मी तर नावानं हाकच मारली नाही. "अगं ए" — झालं काम! पंचेचाळीस वर्षं अगं ए. आणि मी गावोगाव सांगत फिरत होतो, नामात गोडी आहे, नाम घ्या, नाम घ्या!

आता मुद्द्यावर येतो. तीन वर्षांपूर्वी मला एक फोन आला. खांबेटे म्हणून एक गृहस्थ, ज्येष्ठ नागरिकांच्या सहली काढतात. म्हणाले, "बुवा, यंदा आम्ही क्रूझ काढतोय. मुंबईहून निघायचं, समुद्रात दोन रात्री, परत मुंबई. दोनशे माणसं आहेत आमची. संध्याकाळी बोटीवर तुमचं कीर्तन हवं. तुमचं तिकीट आमच्याकडं, पेटी-तबल्याचं आमच्याकडं, आणि काकूंचंही आमच्याकडं!"

बोटीवर कीर्तन! मला आधी वाटलं, थट्टा करतायत. फोन ठेवला आणि आत ओरडलो, "अगं ए, बोटीत बसायचंय का?"

ती भाकरी थापत होती. भाकरी परातीतच राहिली, मंडळी. ती उठून बाहेर आली. पिठाचे हात तसेच. म्हणाली, "कुठल्या बोटीत?" मी सांगितलं. तर ती आत गेली, आणि थोड्या वेळानं मला जळका वास आला. तव्यावरची भाकरी करपली होती. पंचेचाळीस वर्षांत पहिली!

त्या दिवसापासून बाई बदलली. शेजारणीला सांगतेय — बोटीच्या पुढच्या टोकाला नाळ म्हणतात, मागं सुकाणू असतं. मला सांगतेय, "वरती वारा फार असतो, मफलर लागेल." मी म्हटलं, "तू कधी बसलीस गं वरती?" म्हणाली, "बसले नाही. पण उतरणाऱ्यांचे केस पाहिलेत ना!"

आणि मग तो फॉर्म आला. मोबाईलवर. खांबेट्यांचा माणूस म्हणाला, प्रवाशांची नावं आधार कार्डावर आहेत तशीच भरा. मी चष्मा लावला, ओट्यावर बसलो, भरायला घेतलं. स्वतःचं नाव भरलं. हिचं भरायला लागलो, तर ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, माझं कार्ड एकदा बघा हं. डब्यात आहे."

मी काय म्हणालो माहितीय? सदूभाऊ, सांगू का? — सांगतो. मी म्हणालो, "तुझं नाव मला ठाऊक नाही का? मीच ठेवलंय!"

ती पुन्हा म्हणाली, "तसं नाही, पण एकदा..." मी म्हटलं, "तू तुझं वरण बघ."

तिनं वरण पाहिलं. मी फॉर्म भरला. गोदावरी त्र्यंबक टेंभेकर. वय पासष्ट. पाठवून दिला. आणि वर तिला म्हणालो, "बघ, ह्याला शिक्षण लागतं!"

हसा. हसा मंडळी, मीही तेव्हा हसलो होतो.

निघालो. मुंबई. तो धक्का म्हणजे काय सांगू! मला वाटलं होतं, दोरखंड असतील, मासळीचा वास असेल. कुठलं हो! काचेची इमारत, गार हवा, फरशी अशी की देवळात सुद्धा इतकी पुसत नाहीत. ब्यागा आमच्या हातून काढून घेतल्या, त्यांना कागदी पट्ट्या बांधल्या, त्या एका पट्ट्यावरून चालायला लागल्या आणि भोकात गेल्या. सदूभाऊंनी पेटी द्यायला नकार दिला. म्हणाले, "ही माझ्या मांडीवर येईल." त्या शिपायाला पेटी उघडून दाखवावी लागली, भाता हलवून दाखवावा लागला, आणि शेवटी सा लावून दाखवला तेव्हा तो म्हणाला, जा!

आणि ती काचेतून बोट दिसत होती. मंडळी, बोट म्हणायची तरी कशी? ती चाळ होती, उभीच्या उभी, अकरा मजल्यांची, पांढरी शुभ्र. गोदावरी रांगेत उभी होती, नवी जांभळी साडी, पायात भाचीनं दिलेले बूट — साडीवर बूट, पण त्या दिवशी तिला कशाचीच लाज नव्हती. ती काचेला हात लावून उभी राहिली. म्हणाली, "केवढी आहे हो! बाबा असते तर..." आणि डोळे पुसले. आनंदानं. ते शेवटचे आनंदाचे.

आमचा नंबर आला. खिडकीत गणवेशातली एक मुलगी, मराठीच. माझं कार्ड पाहिलं, तिकीट पाहिलं, फोटो काढला, गळ्यात अडकवायला एक कार्ड दिलं. "आजी, तुमचं द्या."

हिनं दिलं. त्या मुलीनं कार्ड पाहिलं. तिकीट पाहिलं. पुन्हा कार्ड पाहिलं. आणि म्हणाली, "आजोबा, तिकीट गोदावरी त्र्यंबक टेंभेकर यांचं आहे. हे कार्ड कुमुद महादेव परुळेकर यांचं आहे."

आता मंडळी, कान इकडं द्या. नीट ऐका. मागं दोनशे माणसं उभी, आणि हा नाममहिमा सांगणारा बुवा आपल्या बायकोकडं वळला आणि मोठ्यानं काय म्हणाला?

"कुमुद? ही कुमुद कोण? कुणाचं कार्ड उचलून आणलंस?"

ती म्हणाली, "माझं."

बस. एवढंच. तिचा आवाज चढला नाही. पण तिनं माझ्याकडं असं पाहिलं — चाळीस वर्षं उभा राहून कीर्तन केलं, हजार माणसांनी पाहिलं माझ्याकडं, असं कुणी पाहिलं नाही.

मग मला आठवलं. लग्नपत्रिकेवर छापलं होतं की! दाखवायच्या दिवशी तिच्या वडिलांनी आतल्या खोलीत हाक मारली होती — "कुमुद, पोहे आण गं." मी ऐकलं होतं ते. एकदा ऐकलं, मग तांदळात दुसरं लिहिलं, आणि विसरलो!

आता माझ्यासारख्या माणसाला चूक कळली की तो काय करतो? ओरडतो! मी ओरडलो, "आधी सांगायला काय झालं होतं?" ती म्हणाली, "सांगत होते."

मग ती बोलली. माझ्याशी नाही हं, त्या खिडकीतल्या मुलीशी. "बाळा, आमच्या गावच्या शाळेत आधार कार्डाचं शिबिर होतं. हे तेव्हा यवतमाळकडं कीर्तनाला होते. पुराव्याला माझ्याजवळ मॅट्रिकचा दाखला होता, तोच घेऊन गेले. तिथल्या माणसानं विचारलं, काकू, नाव काय तुमचं? पस्तीस वर्षांनी कुणीतरी मला माझं नाव विचारत होतं. तोंडातून तेच आलं."

त्या पोरीचे डोळे भरले हो! तिनं वरच्यांना फोन केला. दुसरं काही फोटोचं कार्ड आहे का? मतदानाचं आहे, त्यावर गोदावरीच आहे — पण ते जतला, कपाटात! शेजाऱ्याकडून मोबाईलवर मागवतो म्हटलं. चालत नाही, मूळच लागतं. लग्नाचा सरकारी दाखला? सत्त्याहत्तर साली कोण काढत होतं? फोनवरच्या माणसाचंही चुकलं नाही. नियम तो नियम. त्याच्यासमोर एक गोदावरी होती जी आली नव्हती, आणि एक कुमुद होती जिचं तिकीट नव्हतं.

वीस मिनिटांत दार बंद होणार. खांबेटे धावत आले. "बुवा, सगळी माणसं वर गेली. संध्याकाळी तुमचा कार्यक्रम छापलाय. काय करायचं?"

सांगा मंडळी, काय करायला हवं होतं? बोला की! — बघा, लहान मुलाला सुद्धा येतंय उत्तर. मलाही येत होतं. गळ्यातलं ते कार्ड काढायचं, खिडकीत ठेवायचं, आणि म्हणायचं, "चल, आपण दोघं घरी जाऊ." एवढंच. येत होतं आणि केलं नाही.

ती म्हणाली, "तुम्ही जा. एवढी माणसं खोळंबलीत. मी दादरला भाचीकडं जाते." आणि मी — तिनं म्हणायची वाटच पाहत होतो जणू! म्हणालो, "बरं, जपून जा."

खरं सांगू? त्या वेळी मला राग आला होता. चारचौघांत माझी फजिती झाली, हा राग. तिची बोट चुकतेय, हे मनाला शिवलंच नाही. तिनं आपल्या पिशवीतून माझ्या गोळ्यांचा डबा काढून दिला. मफलर काढून दिला. "वरती कान बांधा," म्हणाली. आणि मी चालायला लागलो. सदूभाऊ वळून वळून पाहत होते. मी वळलो नाही.

आत गेलो. आता बोटीचं वर्णन ऐकायचंय तुम्हाला? ऐका. शिडी म्हणजे शिडी नाही, झाकलेली लांब बोळ. तिच्या तोंडाशी एक फोटोवाला. पाठीमागं सुकाणूचं चित्र, प्रत्येक जोडप्याला उभं करतोय, हसा म्हणतोय. मी आलो तर मला म्हणाला, "सर, मॅडम को आने दो, फिर लेते हैं." मी म्हटलं, "मॅडम नाही." तरी त्यानं काढला फोटो. दुसऱ्या दिवशी भिंतीवर सगळ्यांचे लावले होते. दोघं, दोघं, दोघं, दोघं, आणि मधे मी. एका बाजूला रिकामी जागा सोडून उभा! माझा मीच उभा राहिलो होतो तसा, सवयीनं.

लिफ्ट. सातवा मजला. बोळात एकसारखी दारं, शंभर इकडं, शंभर तिकडं. तीनदा चुकलो, एकदा व्यायामशाळेत शिरलो! खोली सापडली. गळ्यातलं कार्ड दाराला लावलं की दार उघडतं. आत पांढरा पलंग, आणि पलंगावर टॉवेलाचे दोन हंस, मानेला मान लावून बसवलेले. खोली सांभाळणारा मणिपूरचा माणूस होता, मोठा हसतमुख. तो दोन ग्लास, दोन चपला, दोन झगे ठेवून गेला होता. मोरीत बटण दाबलं तर असा आवाज झाला, असा आवाज झाला — मला वाटलं, नृसिंह प्रकटला! आणि माझ्या तोंडातून आलं, "अगं ए, हे बघ!"

वळलो. कोण होतं?

तिथं पहिल्यांदा लागलं मला, मंडळी. छातीत इथं. पण माणूस चिवट असतो. मी स्वतःला समजावलं, दोनच रात्रींचा प्रश्न आहे, पुन्हा कधीतरी आणू.

मग भोंगा झाला. सगळ्यांनी आपापल्या ठरलेल्या जागी जमायचं. बोटीला काही झालं तर कुठं उभं राहायचं, याची तालीम. नारिंगी जाकिटं. प्रत्येक खोलीतलं माणूस आलं की नाही, हे बघूनच बोट सुटते, असा नियम. किती चांगला नियम! एक बाई कागद घेऊन नावं वाचत होती. "टेंभेकर, त्र्यंबक." मी हात वर केला. "टेंभेकर, गोदावरी." — गप्प. "मिसेस गोदावरी?" पुन्हा गप्प. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो, "नाही आल्या." तिनं पेनानं रेघ ओढली.

बघा हो, परक्या बोटीला सुद्धा कळतं, एक माणूस कमी आहे. तिनं दोनदा विचारलं. मी एकदाही विचारलं नव्हतं.

साडेपाचला बोट हलली. हलली हे कळलंच नाही, काचेबाहेरची मुंबई सरकायला लागली म्हणून कळलं. सगळे वर धावले. पोहायचा तलाव, खुर्च्या, वाद्यं, सरबतं. माणसं टाळ्या वाजवतायत, मोबाईल वर करतायत. मी कठड्याशी गेलो, धक्क्याकडं पाहत राहिलो. धक्क्यावर कुणीच नव्हतं. पोचवणाऱ्यांना तिथवर येऊच देत नाहीत. वारा असा सुटला — कान दुखायला लागले. मफलर खोलीत राहिला होता.

जेवणाचं तर विचारू नका. वीस प्रकारची पात्रं मांडलेली, हवं ते घ्या, हवं तितकं घ्या. वरणभात होता, डोसा होता, गोडाचे सहा पदार्थ. माणसं ताटं भरभरून घेत होती. मी पण घेतलं. पण आग्रह करणारं कुणी नव्हतं, नको म्हणावं तर कुणाला म्हणावं? सदूभाऊ समोर बसले होते. शेवटी एवढंच म्हणाले, "वहिनींनी खाल्लं असेल का काही?" मला ते माहीत नव्हतं. मी फोनही केला नव्हता. तेव्हा केला, तर रेंज गेली होती. सगळीकडं पाणी!

आता तुम्हाला वाटेल, बुवाचं कीर्तन त्या संध्याकाळी कोसळलं असेल. गळा दाटला असेल, शब्द फुटला नसेल. तसं झालं असतं, तर मी तुमच्यासमोर थोडा बरा माणूस म्हणून उभा राहिलो असतो. सदूभाऊ, सांगा यांना — रंगलं की नाही? — रंगलं! असं रंगलं, की कधी रंगलं नव्हतं. जिथं एरवी नाच चालतात त्या दालनात दोनशे म्हातारी माणसं टाळ्या धरून उभी. आणि विषय कुठला? नाममहिमा! मी डोळे मिटून सांगत होतो, "देवाला नावानं हाक मारा हो, हाकेला ओ देतो तो!" माणसं रडली. माझ्या पाया पडली. आणि सदूभाऊ पूर्ण वेळ मान खाली घालून वाजवत होते.

खोलीत आलो. पलंगावर बसलो. आणि तिथं मला स्वतःची शिसारी आली. त्या बैठकीत एक ओवी सुचली. मोडकी आहे, माझीच आहे. पेटी नको, सदूभाऊ, नुसती म्हणतो —

नाम जपिले मी लाख, ओठ झिजले रे देवा,
घरी नामाची धनीण, तिला पुसले मी केव्हा?

दोन रात्री बोटीवर काढल्या. समुद्र पाहिला का? पाहिला. मला काय कळणार त्यातलं! मला वाटलं, फार पाणी आहे. ती असती तर सांगितलं असतं, कुठं भरती, कुठं ओहोटी, तो दिवा कुठल्या बंदराचा. सकाळी डावीकडं किनारा दिसला. कुणीतरी म्हणालं, हे रत्नागिरीच्या खालचं. मी त्या रेघेकडं पाहत राहिलो. तिच्यातच कुठंतरी ते बंदर असेल, जिथं डब्याची पिशवी घेऊन एक मुलगी उभी राहायची. तिच्यासमोरून बोट चालली होती. आणि बोटीत कोण? मी!

परत आलो. घरी ती आधीच पोचली होती. दार उघडलं, पाणी दिलं. "कसं झालं कीर्तन?" म्हणाली. खरंच विचारत होती हो, टोमणा नव्हता! मी म्हटलं, "बरं झालं." मग हळूच विचारलं, "तू गेलीस ना नीट दादरला?"

म्हणाली, "लगेच नाही गेले. आधी टॅक्सी करून गेटवेला गेले. म्हटलं, बोट तिकडून दिसेल."

"दिसली?"

"दिसली की. केवढी मोठी! दिवे लागायला लागले होते. वरती किती माणसं! तुम्ही कोणते ते कळेना. पण मी हात हलवला."

मंडळी, लहानपणी जे केलं तेच. किनाऱ्यावर उभं राहायचं, बोट जाताना पाहायची. पासष्टाव्या वर्षी पुन्हा तेच करायला लावलं मी तिला. आणि हातही हलवला तिनं! ती ओरडली असती, भांडली असती, चार भांडी आपटली असती तर मी तिच्या पाया पडलो असतो. तिनं चहा टाकला.

पुढच्या वर्षी खांबेट्यांचा पुन्हा फोन आला. मी म्हटलं, कीर्तन फुकट करतो, पण दोन तिकिटं द्या, आणि नाव मी सांगतो तसं लिहा! या वेळी तिचं कार्ड डब्यातून काढलं, समोर ठेवलं, एकेक अक्षर पाहून भरलं. कुमुद महादेव परुळेकर. तिकीट आलं, ते छापून आणलं आणि तिच्यासमोर धरलं. म्हटलं, "बघ! या वेळी कुणी अडवणार नाही."

तिनं चष्मा लावून वाचलं. बराच वेळ वाचलं. आणि हसली. म्हणाली, "नाव बरोबर लिहिलंत हो. पण नाव बदललं म्हणून गुडघे थोडेच बदलतात? राहू द्या."

मी म्हटलं, "व्हीलचेअर असते तिथं."

"गुडघ्यांचं नाही तसं," ती म्हणाली. "त्या दिवशी मन होतं. आता नाही. तुम्ही जाऊन या."

एवढं बोलून ती उठली. मी गेलो नाही. तिकीट दुसऱ्या कुणाला तरी गेलं. नवीन बोट येईल, नवीन तिकीट येईल, पण साठ वर्षं जपलेलं मन आणायचं कुठून हो? ते मी खिडकीसमोर एका प्रश्नानं मारलं. ही कुमुद कोण!

आता शेवटचं. गेल्या महिन्यातली गोष्ट. सकाळची वेळ, ती आत भाजी निवडत बसलेली. मी ओट्यावर. मनात आलं, निदान हाक तरी मारावी. कितीदा ओठांवर आलं, लाज वाटायची! सत्तरी उलटलेला माणूस, स्वतःच्या बायकोचं नाव घ्यायला घाबरतो. शेवटी धीर केला आणि हाक मारली.

"कुमुद!"

आतून भाजीचं ताट खाली ठेवल्याचा आवाज आला. ती लगबगीनं बाहेर आली. गुडघे दुखत असून लगबगीनं! चेहरा असा उजळलेला. मी म्हटलं, देवा, पावलास! मी हात पुढं केला...

ती माझ्याजवळून पुढं गेली. मंडळी, माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. सरळ दाराशी गेली, पदर सावरला, रस्त्यावर दोन्हीकडं पाहिलं. आणि मला विचारलं, "कोण आलंय हो माहेरचं?"

मी म्हटलं, "कुणी नाही."

ती जरा वेळ दारातच उभी राहिली. मग आत गेली.

आता तुमच्याकडं वळतो. आरती आज आटोपशीर करू, प्रसाद दारातच घ्या, रेंगाळू नका. घरी जा. तुमच्या घरातही कुणीतरी एक नाव डब्यात ठेवून आलेलं आहे. बायको असेल, आई असेल, सून असेल. तिच्यासमोर बसा आणि विचारा, तुझं नाव काय होतं गं? ती म्हणेल, आता काय करायचंय ते! उठू नका. पुन्हा विचारा. आणि सांगितलं की त्या नावानं हाक मारा, उद्याही मारा, परवाही मारा, कारण पहिल्या हाकेला ती दाराकडंच जाणार आहे.